करडीची पेंड

करडईची पेंड हातात घेतली की आधी तळहाताला टोचते. शेंगदाण्याची पेंड मऊ, तेलकट, वासानेच खावीशी वाटणारी. सरकीच्या पेंडीला कापसाचे तंतू चिकटलेले. सोयाची तेल काढून घेतलेली पेंड, म्हणजे डीओसी, फिकट पिवळी, कोरडी, दाबली की भुगा होणारी. करडीची पेंड राखाडी-पांढरी असते आणि दाण्याच्या टरफलाच्या कडक, टोकदार चिपा तिच्यात जागोजागी दिसतात. मूठ आवळली की त्या रुततात. मूठ उघडली की तळव्यावर तेलाची पुसट चमक राहते. चिमूटभर जिभेवर टाकली तर आधी गोडसर लागते आणि मागून कडवटपणा येतो. अंग खरखरीत, चव कडवट, रंग उडालेला, अशा रूपाने ती नगरच्या पशुखाद्याच्या दुकानात येते आणि सरकीच्या थप्पीमागे कोपऱ्यात बसते. म्हशीसाठी कुणी नेली तर नेली. पक्ष्यांच्या खाद्यासाठी तिला सहसा कुणी विचारत नाही.

विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तिच्यात दोष आहेत आणि ते लपवण्यात कुणाचंच भलं नाही. पण त्यांतल्या प्रत्येकावर इलाज आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच हातांनी होण्यासारखा आहे.

तिचं माहेर अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोरडवाहू तालुक्यांत: जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, पाथर्डी, शेवगाव. काळी, भेगाळणारी जमीन, परतीच्या पावसाची ओल आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी. ज्वारीच्या कडेने करडीच्या काही ओळी टाकायच्या, ही इथली जुनी रीत. कोवळी असताना तिची भाजी होते. लसूण-मिरचीवर परतायची आणि भाकरीबरोबर खायची. मोठी झाली की तिला काटे येतात आणि मग ती पिकाची राखण करते. मोकाट जनावर तिच्यात तोंड घालत नाही. सोटमूळ खोल जातं, वरची जमीन तडकली तरी खालची ओल शोधून काढतं. काढणी मात्र माणसाची परीक्षा पाहते. पहाटे दवाने काटे नरम पडतात, तेवढ्या वेळातच हात चालवायचा. उन्हं चढली की हातांना फडकी गुंडाळूनही काम रेटवत नाही.

हिच्या फुलांतून कुसुंबी रंग निघायचा. बी करपवून काढलेलं काळं, चिकट तेल विहिरीच्या दोरांना आणि चामड्याच्या मोटांना चोपडत, पाण्यात राहून ते कुजू नयेत म्हणून. इतकी कामाची असूनही ती मागे पडली. १९९४-९५ नंतर खाद्यतेलाची आयात खुली झाली, स्वस्त पामतेल वाड्या-वस्त्यांवरच्या किराणा दुकानापर्यंत पोचलं, काढणीला मजूर मिळेनासे झाले आणि शेतकऱ्याने सोयाबीन-हरभऱ्याची वाट धरली. संशोधकांनी तिला सोडलं नव्हतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘भीमा’, ‘फुले कुसुमा’ असे वाण दिले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण काढले. पण तेलाला भाव नाही आणि पेंडीला गिऱ्हाईक नाही, अशा पिकाला नुसत्या वाणाने कितीसा आधार मिळणार?

पेंडीच्या वाट्याला जे आलं ते घाण्यात आलं. करडीच्या दाण्यात साधारण २८ ते ३२ टक्के तेल असतं आणि वजनाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग टरफलाचा असतो. दाणा घाण्यात टरफलासकट जातो, कारण नुसता गर पिळला तर तो लगदा होऊन घसरतो. टरफलामुळे यंत्राला पकड मिळते. ही सोय तेल काढणाऱ्याची. भुर्दंड पेंडीला. तेल निघून जातं, टरफल सगळं मागे राहतं. अशा सटरफल पेंडीत प्रथिनं जेमतेम २० ते २२ टक्के आणि तंतू तीस टक्क्यांच्याही वर. तोच दाणा आधी सोलला आणि मग पिळला, तर पेंडीतली प्रथिनं ४२ ते ४५ टक्क्यांवर जातात, म्हणजे जवळजवळ सोयाच्या पंगतीला. एकाच दाण्याच्या या दोन पेंडी. एक दुसरीच्या दुप्पट मोलाची. बाजारात मात्र दोघींना एकच नाव आणि बहुतेकदा एकच पोतं. करडीच्या पेंडीची जी बदनामी झाली, ती मुळात टरफलाची बदनामी आहे.

आता ज्याच्या ताटात तिला वाढायचं आहे, त्या पक्ष्याकडे येऊ. नगरच्या माळांवर लावा पूर्वीपासूनच आहेत. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यासारख्या गवताळ रानात चालताना पायाशी येईपर्यंत त्या दिसत नाहीत आणि मग एकदम भुर्रकन उडतात. त्या रानच्या लावांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना धरायचं नाही, विकायचं नाही. शेडमध्ये पाळतात ती जपानी लाव, जिला सगळे बटेर म्हणतात. १९७४ साली ती कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणली गेली आणि तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या कामातून देशभर पसरली.

सतरा-अठरा दिवसांत अंड्यातून बाहेर आलेलं बटेराचं पिल्लू सात-आठ ग्रॅमचं असतं. पाण्याच्या उथळ भांड्यातही गारगोट्या टाकून ठेवाव्या लागतात, नाहीतर ते त्यात पडून बुडतं. हेच पिल्लू पाच आठवड्यांत १८०-२०० ग्रॅमचं होतं, वजन पंचवीसपट. सहाव्या-सातव्या आठवड्यात मादी अंड्यावर येते. अंडं दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाचा विसावा हिस्सा, आणि नीट सांभाळली तर वर्षाला अडीचशेच्या पुढे अंडी. एवढ्या छोट्या देहातून एवढं काम निघतं ते खाद्यातल्या प्रथिनावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात वाढीच्या बटेराला २४ टक्के प्रथिन आणि १.३ टक्के लायसिन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) सांगितलं आहे. अंड्यावरच्या मादीला २० टक्के प्रथिन, १ टक्का लायसिन आणि अडीच टक्के कॅल्शियम. अंड्यावरच्या कोंबडीचं सोळा-सतरा टक्के प्रथिनात भागतं. म्हणूनच कोंबडीचं तयार खाद्य बटेरांना घातलं की पिल्लं एकसारखी वाढत नाहीत, काही खुरटतात आणि विक्रीचा दिवस पुढे ढकलला जातो.

ही गरज आज एकटी सोया भागवते, आणि तिचा तो मान खरा आहे. ४४ ते ४८ टक्के प्रथिन, त्यात पावणेतीन टक्क्यांच्या आसपास लायसिन. वनस्पतीच्या कुठल्याही नेहमीच्या पेंडीत इतकं लायसिन मिळत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारं द्रव्य असतं, पण योग्य उष्णता दिली की ते निकामी होतं. मात्र सगळा भार एकीवर टाकला की काय होतं, ते २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, पोल्ट्रीवाले हवालदिल झाले आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायची परवानगी द्यावी लागली. पक्षीपालनात खर्चाचा साठ-सत्तर टक्के भाग खाद्याचा असतो. मोठा व्यापारी वर्षभराचा माल आधी भरून ठेवतो. पाचशे बटेर पाळणाऱ्या बाईला मात्र त्या आठवड्याच्या भावानेच पोतं घ्यावं लागतं.

मग सोयाच्या जोडीला कोण? पेंडींच्या या कुळात प्रत्येकीचा एक गुण आणि एक खोड. शेंगदाण्याची पेंड प्रथिनात सोयाच्या तोडीची, चवीला सगळ्यांत सरस, पण ओल लागली की तिच्यावर बुरशी चढते आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन येतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अशा पेंडीने मेले. ती ब्राझीलहून आलेली होती आणि तिच्या तपासातूनच या विषाची जगाला ओळख झाली. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. ते लोहाशी बांधलं जातं म्हणून खाद्यात हिराकस मिसळून थोडाफार बंदोबस्त होतो, पण मात्रा वाढली तर साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो आणि गिऱ्हाईक अंडं परत करतं. तिळाची पेंड मिथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाने भरलेली, लायसिनला रिकामी. सूर्यफुलाच्या पेंडीत घातक असं काही नाही, पण टरफलाचा त्रास तिलाही आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरात पिकणारी खुरासणी प्रथिनात मध्यम, आणि तिचा माल इतका थोडा की वर्षभर पुरवठा धरता येत नाही. या सगळ्यांत करडीची जागा कुठे? सोललेली असेल तर विषाच्या बाबतीत ती बरीच निर्धोक, मिथिओनिन बरं, प्रथिन भरपूर. उणं पडतं ते लायसिन: सोयाच्या निम्म्याहून कमी, सव्वा टक्क्याच्या आसपास.

तिचे दोष कागदावर वाचण्यापेक्षा बटेराच्या पिंजऱ्यासमोर बसून पाहावेत. सटरफल करडीचा जाडसर भरडा खाद्यात मिसळा आणि संध्याकाळी खाद्याची पन्हळ नीट बघा. मक्याचा रवा संपलेला असतो, सोयाचे पिवळे कण संपलेले असतात आणि तळाशी पांढऱ्या चिपांचा थर उरलेला असतो. बटेराची चोच बारीक आणि फार चोखंदळ. नको ते ती बाजूला सारते. पन्हळ भरलेली दिसते म्हणून पाळणारा नवं खाद्य घालत नाही आणि पक्षी अर्धपोटी राहतो. शिवाय वजन करून जे मिश्रण बनवलं तेच पक्ष्याच्या पोटात गेलं, हेही खरं राहत नाही, कारण मिनरलची बारीक पूड त्या चिपांतच अडकून बसते. जे टरफल पोटात जातं ते पचत नाही, कारण एवढ्याशा आतड्यात अन्न फार वेळ थांबत नाही. सटरफल पेंडीतून मिळणारी ऊर्जा सोयाच्या निम्म्याच्या आसपास.

हिशेब मांडला की गोष्ट स्वच्छ होते. शंभर किलो वाढीच्या खाद्यात ४० किलो सोया आहे असं धरू. त्यातली दहा किलो काढून सटरफल करडीची पेंड घातली तर प्रथिन सव्वादोन-अडीच किलोने घटतं आणि अडीच किलोच्या आसपास जास्तीचा तंतू आत येतो. पिल्लाच्या खाद्यात हा बदल चालणार नाही. कुणी कितीही स्वस्त दिली तरी नाही. त्याच जागी दहा किलो सोललेल्या करडीची पेंड घातली तर प्रथिन पाव किलोच्या आत-बाहेर घटतं आणि लायसिन दीडशे ग्रॅमने कमी पडतं. बाजारात मिळणाऱ्या लायसिनच्या पुडीत ७८ टक्के लायसिन असतं, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम पूड घातली की खड्डा भरला. ऊर्जा थोडी उतरते, तेवढं तेल किंवा मका वाढवून ती सांभाळता येते. करडी आणि बटेर यांच्यामधलं अंतर हे एवढंच आहे: दाणा सोलण्याची एक पायरी आणि शंभर किलोमागे १९० ग्रॅम पूड.

भाव ठरवतानाही हाच हिशेब धरावा. दुकानात पोत्याचा दर विचारून आपण पेंडी तोलतो, तिथेच फसतो. सटरफल पेंडीच्या शंभर किलोत २१ किलो प्रथिन; सोयाच्या शंभर किलोत ४५. म्हणजे प्रथिनापुरतं बोलायचं तरी तिचा दर सोयाच्या निम्म्याच्या खाली हवा. लायसिन मोजलं तर चौथाईवर यायला हवा. सोललेलीचा दर मात्र सोयाच्या बराच जवळ जाऊ शकतो आणि तरी ती परवडते. पोत्यावरचा आकडा आणि पक्ष्याच्या अंगी लागणारा आकडा यांत इतका फरक असतो, म्हणून पेंड घेताना प्रथिन आणि तंतू यांची तपासणी करून घेणं हा खर्च नाही, ती बचत आहे.

तिला वागवण्याचेही काही नियम आहेत. हल्ली लाकडी घाण्याचं तेल पुन्हा घरोघरी येऊ लागलं आहे आणि त्या घाण्यांतून ताजी करडी पेंड निघते. या पेंडीत आठ-दहा टक्क्यांपर्यंत तेल राहून गेलेलं असतं. ते तेल पक्ष्याला ऊर्जा देतं, आणि त्यातलं लिनोलिक आम्ल अंड्याच्या आकाराला मदत करतं. पण हेच तेल हवेने लवकर खवट होतं, आणि खवट पेंड खाद्यातली जीवनसत्त्वंही नासवते. म्हणून घाण्याची पेंड साठवून ठेवायची नाही. थोडी आणायची, सावलीत, फळीवर, भिंतीपासून दूर ठेवायची आणि दोन-तीन आठवड्यांत संपवायची. तिचा कडूपणा गरातल्याच एका द्रव्याचा आहे, सोलून तो जात नाही. मात्रा बेताची असली की पक्षी कुरकुर करत नाही. सोललेली असेल तर शंभरात पाच किलोपासून सुरुवात करावी, आठवड्याभराने सात-आठ, आणि मग दहापर्यंत जावं. पहिले दोन आठवडे पिल्लांना ती देऊच नये. त्या वयात सोयावर काटकसर करणं म्हणजे पुढच्या सगळ्या वाढीवर पाणी सोडणं. आणि सगळी शेड एकदम तिच्या हवाली करू नये. दोन पिंजरे जुन्या खाद्यावर, दोन नव्या खाद्यावर. पाचव्या आठवड्यात दोन्हीकडची वजनं आणि खाल्लेलं खाद्य वहीत लिहावं. वहीतला आकडा शेजाऱ्याच्या सल्ल्यापेक्षा खरा बोलतो.

सोलायचं यंत्र जवळ नसेल तर? तरीही थोडं करता येतं. पेंड बारीक भरडून चाळली आणि वाऱ्यावर पाखडली की हलकं टरफल बरंच बाजूला पडतं. आपल्या बायकांना सुपाची ही विद्या कुणी शिकवायला नको. उरलेली बारीक पेंड सोललेलीइतकी श्रीमंत नसते, पण मूळ पोत्यापेक्षा पुष्कळ बरी असते आणि अंड्यावरच्या मादीला पाच टक्क्यांपर्यंत देण्याजोगी असते. बाजूला काढलेलं टरफल गोठ्यात बिछायतीला किंवा खताच्या खड्ड्यात जातं.

हे एकेकट्याने करण्याऐवजी एकत्र केलं तर खरं बळ येईल. करडी संशोधणारं विद्यापीठ राहुरीत आहे. बाभळेश्वरला आणि दहिगाव-नेला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. संगमनेरकडे पक्षीपालन करणारी माणसं आहेत, जामखेड-कर्जतकडे करडी पिकवणारी. सगळे एकाच जिल्ह्यात, आणि तरी करडीचा दाणा व बटेराची चोच यांची गाठ पडत नाही, कारण मधलं दुकान कुणी थाटलेलं नाही. एका बचतगटाने किंवा शेतकरी कंपनीने घाण्याच्या शेजारी दाणा सोलायचं यंत्र आणि एक चाळणी बसवली, पोत्यावर प्रथिन-तंतूची चिठ्ठी लावली आणि पोत्यामागे लायसिन किती घालायचं ते मराठीत छापून दिलं, तर ते दुकान उभं राहील.

आणि यात फायदा फक्त बटेर पाळणाऱ्यांचा नाही. क्विंटलभर करडीतून फार तर तीस किलो तेल निघतं. उरलेले सत्तर किलो म्हणजे ही पेंड आणि तिचं टरफल. त्या सत्तर किलोंना मोल नसेल तर सगळ्या पिकाचा भार तीस किलो तेलाला वाहावा लागतो, ते महाग होतं आणि आयातीच्या स्वस्त तेलासमोर हरतं. करडी आपल्या रानांतून हटली ती याच हिशेबाने. जमिनीला ती अजूनही मानवते, दुष्काळात ती अजूनही तग धरते, तिच्या तेलाची चव अजूनही लोकांना आवडते. तिला परत आणायचं असेल तर तेलाचं कौतुक पुरणार नाही. तिच्या पेंडीला गिऱ्हाईक मिळवून द्यावं लागेल, आणि बटेराच्या खाद्यातले शंभरातले दहा किलो ही त्याची सुरुवात होऊ शकते.